झोन बदलला

पत्रक कन्नडात आलं.
ओमाणा क्लार्कनं चष्मा वर करून सांगितलं,
"यंदापासून खानापूर दुसऱ्या झोनात बघ."

साडेआठशे पोरांचं कॉलेज आमचं.
थोरल्यांच्या पंगतीत पाट नाही,
धाकट्यांच्यात मांडी मावत नाही.
कुठंतरी बसवायचं, तर बसवलं.

कुडाळे सरांनी नकाशावर पट्टी ठेवली:
मुद्देबिहाळ. रात्रीची बस, परतायला तिसरा दिवस.
कोण तरी म्हणालं, तिकडं कोर्ट पक्कं हाय,
रिंगला जाळी बी हाय.
आमच्या रिंगला नाही.
चेंडू आतून गेला की बाहेरून
यावर दोन वर्षं भांडलो आम्ही निपाणीशी.

निपाणीची सात नंबर, रुक्साना मुजावर.
घर तंबाखूच्या वखारीमागं.
फ्री थ्रोआधी चेंडू तीनदा आपटायची
आणि रिंगकडं नाही, माझ्याकडं बघायची.
माझ्या डाव्या भुवईत तीन टाके
तिच्या कोपराचे.
यंदा फेडायचे होते.

पत्रकात ते कुठलं असायला?
गट क, प्रवेश फी, शेवटची तारीख,
खाली शिक्का, अर्धा उमटलेला.

सरांनी जुन्या झोनचा तक्ता भिंतीवरून काढला.
चार खिळे तसेच राहिले.

काल अनोळखी नंबरावरून फोन.
"संकेश्वरात शाळेचं मैदान मोकळं असतंय.
आयतवारी येऊलालीस काय?
रेफ्री नाही. कप बी नाही."

आवाज ओळखायच्या आधी
बोट भुवईवर गेलं.

"चेंडू तू आण," म्हटलं,
"आमच्याची हवा गेल्याय."