कसर

त्बिलिसीत, चौथ्या मजल्यावर, नातेलाच्या पियानोतला
एक स्वर सप्टेंबरपासून गप्प आहे.
ती त्याला वगळून वाजवते,
तुटकी पायरी चुकवून जिना उतरावा तशी.

मलखाज आला. झाकण काढलं, टॉर्च मारला.
"तार शाबूत आहे, बाई. हातोडीवरचा नमदा खाल्लाय."
चिमटीत धरून दाखवली अळी,
तांदळाच्या कणीएवढी,
अंगात आमच्याच लोकरीचा झगा घातलेली.

मग कपाटं निघाली.
मुलाच्या टोपीची जाळी झालेली,
आणि ओतारचा ओव्हरकोट:
कॉलर, बाही, पाठ, सगळीकडे भोकं.
आतल्या खिशात लॅव्हेंडरची पुडी,
दरसाल न चुकता बदललेली.
जपण्यात तिनं काही कसर ठेवली नव्हती.
कोट अकरा वर्षं कुणी घातला नाही, एवढंच.

"उन्हात टाका, झटका, वापरा," मलखाज म्हणाला.
"ढवळाढवळ खपत नाही हिला."

अंगणात तिनं कोट झटकला.
भुरके पतंग उडाले, डाळिंबाच्या झाडापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.
शेजारीण वरून ओरडली, विकायचाय का?

थंडी तशी नव्हती.
नातेलानं कोट अंगात घातला, बाह्या दुमडल्या
आणि पाव आणायला निघाली,
भोकाभोकातून वारा घेत.