धुक्याचा पत्ता

कुरेस्सारेच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
दर गुरुवारी सहाला आम्ही डाव मांडतो.
पट म्हणजे ओट्सच्या खोक्याचा पुठ्ठा,
होड्या म्हणजे कुणाच्या तरी जुन्या कोटाची बटणं,
मासे म्हणजे वाटाणे.
एक वाटाणा मागच्या खेपेला उंदरानं नेला,
तेही मी वहीत नोंदवलंय.

माझं काम तेवढंच. कोपऱ्यात बसायचं, लिहायचं,
तोंड उघडायचं नाही.
खेळ ज्यानं केला त्यानं तो समजावायचा नाही,
हा मारिकाचा नियम.
"पेटीत भरून विकशील तेव्हा
पेटीत तू बसणार आहेस का?"
ओठ ऐकू नकोस, म्हणते, हात बघ.
ओठ पाहुण्यांसारखे, वाढाल त्याला छानच म्हणतात.

आधी असं होतं: धुक्याचा पत्ता निघाला
की प्रत्येक होडीतले दोन मासे जायचे.
मी हात बघितले.
लिस्बेतनं वाटाणे मुठीत आवळले,
हेल्दुरनं खुर्ची चार बोटं मागे घेतली.
मारिका मानसशास्त्र शिकलेली. म्हणाली,
मिळाल्याचा आनंद एकपट, गेल्याची टोचणी दुप्पट.
मग तिनं पत्ताच उलटा केला:
ऊन पडलं की दोन मासे मिळतात,
धुक्यात नुसते मिळत नाहीत.
हिशेब तोच. बेरीज मी दोनदा तपासली.

सगळे हसत खेळले.
आणि साडेसहाला हेल्दुरनं घड्याळ बघितलं.
लिस्बेत, वय नऊ, आपली होडी टेबलावर
भोवऱ्यासारखी फिरवत म्हणाली,
"यात आपण सगळेच कच्ची लिंबं."

मारिकानं पेन्सिल चावली.
मी लिहिलं: पेन्सिल चावली.

तेव्हा हेल्दुर बोलला,
तीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस:
"धुकं मासे नेत नाही गं.
धुकं किनारा नेतं.
होडी भरलेली असते काठोकाठ,
आणि बंदर कुठल्या हाताला, तेच कळत नाही."

कात्री. राखाडी कागद.
नवा नमुना तिथंच, चहा निवायच्या आत.
पत्ता निघाला की अर्ध्या पटावर कागद पसरायचा.
कुणाचं काही जात नाही.
फक्त ठरवायचं: अजून एक जाळं,
की आत्ताच वळायचं, आठवणीवर भिस्त ठेवून.

खोलीत आवाज नाही.
सगळ्यांची कोपरं टेबलावर पुढे सरकलेली.
हेल्दुरनं चौथं जाळं टाकलं,
वळला,
आणि बंदर समजून थेट खडकावर गेला.
अकरा वाटाणे. एकही उरला नाही.

मी हात बघत होतो.
बटणावरचं बोट त्यानं उचललंच नव्हतं.
रडीचा डाव नाही, कुरकुर नाही.
दिवे मालवायला बाई दारात उभ्या,
आणि हा म्हणतो,
"मांड परत."

ही ओळ वहीत नाही.
मी वाटाणे वाटत होतो.