तिसरं पिंप

इटाटाच्या डोंगरउतारावर सुगी मार्चमध्ये.
ऋतूच उलटे तिकडे.
ओर्फेलिनाच्या वेली तारेवर चढत नाहीत.
गुडघ्याएवढे बुंधे, काळे, गाठाळ,
वाढपी विसरून गेला तरी
पंगतीतून न उठलेल्या म्हाताऱ्यांसारखे
उकिडवे बसलेत, तिच्या पणजीच्याही आधीपासून.
पाणी आभाळाचं. नांगर घोड्याचा.
भुरी दिसली तर जुन्या मोज्यात गंधक भरून
पहाटे, दव असताना, पानांवर झटकायचं.
बाकी औषध नाही.

यंदा फेब्रुवारीत पाइनचं जंगल पेटलं.
जंगल कसलं, कंपनीची लागवड:
एका वयाची, एका उंचीची, उभी करून ठेवलेली काड्यापेटी.
वारा पूर्वेचा, कोरडा, डोंगरावरून घसरत येणारा.
भाऊ, नोल्बेर्तो, कंपनीच्याच आगपथकात.
त्यानेच तिच्या बांधावर उलटी आग लावली,
येणारीला खायला काही उरू नये म्हणून.
वस्ती वाचली. शाळा वाचली, कोंबड्यांसकट.
खालच्या अकरा ओळी गेल्या.

पहाटे तिच्या खुंटीवर जॅकेट टाकून गेला तो
सुगीलाही आला नाही.

शेजारची सुनिल्दा आली, तिची दोन मुलं आली.
हौदावर वेळूची चाळण आडवी टाकून
घड तळव्याने घोळवायचे,
मणी खाली, देठ वर,
कोपरापर्यंत जांभळे हात, आणि गांधीलमाश्यांना शिव्या.
विरजण कुणी लावत नाही.
सालीवरची पांढुरकी भुकटी आपलं काम जाणते.
बाहेरचं काही घालायचं नाही,
आतलं काही काढायचं नाही,
एवढाच बापाने शिकवलेला धडा.
तो शिकवताना धुराचं बोलला नव्हता.

चौथ्या रात्री हौद रटरटायला लागला.
फळी सरकवून तिने वास घेतला:
आधी द्राक्ष.
मग, जरा थांबून, पाणी ओतून विझवलेली चूल.

चिय्यानहून दलाल आला.
घोट घेतला, थुंकला, मिशी पुसली.
म्हणाला, कोळशाची पूड टाक, धूर ओढून घेते.
थोडी चवही जाईल बरोबर,
पण बाई, ती कळते कुणाला?
तिने पूड टाकली नाही.
मात्र घोड्याचे नाल होते, छपराचा पत्रा होता, दुकानाची उधारी होती.
दोन पिंपं गेली, मिळेल त्या भावात.

राखणं आणि राख
आपल्या भाषेत शेजारी राहतात.
तिच्या भाषेत त्यांची ओळखदेखील नाही.
तरी तिसरं पिंप तिने राखलं.

जूनमध्ये, पावसाच्या एका रात्री,
दारात नोल्बेर्तो. बूट बाहेर काढून.
ती काही बोलली नाही. पेला ठेवला पुढ्यात.
त्याने एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला,
गिळताना डोळे मिटले.
मग म्हणाला,
जॅकेटसारखं लागतंय.
तीनदा धुतलं मी ते.
निघाला वास?
नाही.
त्याने पेला संपवला. पुन्हा पुढे केला.
चुलीत ओलं लाकूड होतं, त्यानेच फुंकलं.

सकाळी अंगणात तो नव्हता.
खालच्या ओळींत, धुक्यात, वाकलेला,
एकेका बुंध्याची साल नखाने खरवडत चाललेला.
हिरवं.
तपकिरी. तपकिरी.
पुढच्यात किंचित ओल.
मोजत नव्हता, किंवा मोजत असेल तर मनात.
सातव्या ओळीत कुठेतरी तो थांबला
आणि बहिणीला हाक मारली:
नखाला लागलंय ते काय,
एकट्याला नीट दिसेना.

ती कात्री घेऊन निघाली.
वाटेत परत फिरली, त्याचं जॅकेट घ्यायला.