अडथळ्याचा थर

पहिल्या सत्रात आम्ही फक्त खोकी पाडली.
अडीच फुटांवरून, ठरल्या क्रमानं:
एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू.
दहाव्यांदा पडून झालं की
आत काय वाचलं ते वहीत लिहायचं.
तौफिक मुकादम म्हणाला,
आमच्या बिल्डिंगीत सगळे असेच वाढलेत.
देवस्थळी मॅडम हसल्या नाहीत.
त्यांनी फक्त विचारलं, कोपऱ्यावर की कडेवर?

दुसऱ्या सत्रात कळलं,
प्लॅस्टिकला भोकं नसली
तरी त्यातून हवा चालत जाते.
दिवसाला किती, ते मोजता येतं.
मग प्रकल्प निवडायचे होते.
कुणी आमरस घेतला, कुणी खाकरा,
कुणी डोळ्यांत घालायचे थेंब.
मी म्हटलं, सुके बोंबील.
मागची खिडकी कुणीतरी उघडली.
बोंबील अजून वेसाव्यातच होते, वलांडीवर.

तीन थर लावले.
बाहेर पॉलिएस्टर, छपाई धरायला,
आत पॉलिथिन, वितळून चिकटायला,
आणि मध्ये ॲल्युमिनियमची पन्नी, नऊ मायक्रॉन,
आयच्या एका केसाच्या आठव्या हिश्श्याइतकी.
अडतीस अंश आणि नव्वद टक्के दमटपणाच्या कपाटात
पाकिटं सहा आठवडे ठेवायची.
कपाटावर लिहिलंय: उष्णकटिबंधीय स्थिती.
आमच्या माळ्यावर मी याच स्थितीत बारावी केली.

एक पाकीट दाखवायला घरी नेलं.
चकाल्याला मेट्रोत बसले,
मांडीवर पाव किलो बोंबील,
शेजारची बाई आपली फोनमध्ये, शांत.
शाळेत असताना आयच्या पाटीबरोबर बसमध्ये चढलं की
किती रुमाल निघायचे, मला पाठ आहे.
आज एकही नाही.
अंधेरी येईपर्यंत मी खूश होते.
वर्सोव्याला उतरताना मात्र वाटलं,
कुणाला तरी आत विसरून आलेय.

आयनं पाकीट उलटंपालटं केलं,
नाकाशी नेलं, हलवलं, पुन्हा नाकाशी नेलं.
"याच्यात काय हाय?"
बोंबील.
"कशावरनं?"
मी छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं.
"माजं गिऱ्हाईक वाचत नाय गो,
ते वासानं येतं. गल्लीच्या तोंडापासून."

मॅडमना सांगितलं.
त्या म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे,
गुण दुसऱ्या गोष्टीला आहेत.

शेवटची चाचणी गळतीची.
पाकीट पाण्याखाली दाबून धरायचं,
झाकण लावून वरची हवा खेचून घ्यायची
आणि शिवणीकडे बघत राहायचं, तीस सेकंद.
दोन पाकिटं गप्प राहिली.
तिसऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातून
एक बुडबुडा आला. मग एक. मग माळ.
चार महिन्यांपूर्वी पाण्याबाहेर काढलेला मासा
परत पाण्यात जाऊन
श्वास सोडत होता.

झाकण उचललं तेव्हा तौफिकनं नाक वर केलं,
"आला," म्हणाला.
मी शेरा लिहिला:
नमुना क्रमांक तीन, सील अपुरं, नापास.
मग ते पाकीट नीट पुसलं
आणि आयसाठी बाजूला ठेवलं.