मधली वीतभर

अकरा महिने शोधत होते मी.
नुसतं मिलिंग मशीन नव्हे, युनिव्हर्सल:
ज्याचं डोकं दोन्ही खांद्यांवर कलतं,
आडवा स्पिंडल, उभा स्पिंडल, एकाच अंगात दोन्ही,
आणि जे माझ्या गॅरेजच्या दारातून
कूस बदलून का होईना, आत येईल.

लेथ होतं माझ्याकडे.
पण लेथ बिचारं गोल गोलच विचार करतं.
मला सपाटी हवी होती, कोपरे हवे होते.
कोळ्यांच्या बोटींचे पंप दारात पडून,
शाळेच्या घड्याळाचं एक चाक चार दात गमावून बसलेलं,
आणि शेजारचा आर्विड्स रोज विचारायचा,
"झिंत्रा, नसेल होत तर तसं सांग."

लिएपायात एक सापडलं, हिरवंगार.
नखाने खरवडलं तर रंगाखाली पुट्टी,
पुट्टीखाली भेग.
तालसीतलं उत्तम होतं,
पण तो माणूस किंमत सांगता सांगता गप्प झाला
आणि मला कॉफी विचारून आत गेला तो आलाच नाही.
लोकांचे उंबरठे झिजवले म्हणतात ना,
मी माझ्या व्हॅनचे टायर झिजवले.

ऑक्टोबरात, कुल्दीगाच्या पुढे,
बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्यामागे,
ओयार्स वितोल्सने बटाट्यांची पोती सरकवली
आणि मेणकापड उचललं, हळू,
खाली कोणी झोपलेलं असावं तसं.
"वीज तोडलीय. हातानेच बघा."

मी चाक फिरवलं.
डावीकडे टेबल असं सरकलं, जणू काल बसवलंय.
मग मध्यावर आलं
आणि चाक फिरतंय, टेबल जागेवर.
पाव फेरा नुसताच होकार.
वीतभर पुढे गेलं की पुन्हा घट्ट,
पुन्हा कोरं, उजव्या टोकापर्यंत.

"इथे काय करायचात तुम्ही?"
त्याने फळीवरून एक शाफ्ट काढला,
साय काढायच्या यंत्राचा.
त्यात एक खाच, अंगठ्याएवढी.
"हे."
"आणि?"
"हेच. चोवीस वर्षं. दिवसाला साठ."

डोक्याचा काटा शून्यावर होता.
बोल्टवरचा कारखान्याचा रंग अजून अखंड.
खालच्या खणात वाटणीचं डोकं, दात कापायचं,
ग्रीसच्या कागदात गुंडाळलेलं,
दोरीची पहिलीच गाठ.

मी किंमत पाडायला तोंड उघडलं,
दोनशे युरो तरी, त्या मधल्या वीतभरापायी.
तोच म्हणाला, "मधे ढिलं आहे. माहीतेय मला.
मी असा धरून ठेवायचो."
आणि त्याने टेबलाला कंबर लावली,
वाऱ्यात दार अडवून उभं राहावं तशी.
टेबलाच्या कडेचा रंग तिथे गेलेला होता,
आतलं लोखंड गुळगुळीत, त्याच्याच मापाचं.

मी गप्प राहिले. पैसे मोजले, पूर्ण.

व्हॅनला दोर लावायच्या आधी
तो पाना घेऊन आला.
"एकदा कलवून दाखवाल?"
चार बोल्ट. पहिला सुटताना रंग तडकला,
कट्, बर्फ तुटतो तसा आवाज.
दहा अंश. वीस. तीस.
ओयार्सने स्वतःची मानही तेवढीच वाकवली
आणि बराच वेळ तशीच ठेवली.
"बरं," म्हणाला. "होतं तर."

आता मी कामं डाव्या टोकाला बांधते.
घड्याळाच्या चाकाला दात आलेत,
आर्विड्स दुसरं काहीतरी विचारतो.
नवा स्क्रू कापायचाय, लेथवर, गोलच काम आहे ते,
उद्या करीन, परवा करीन.

लांब काम असलं की मधून जावंच लागतं.
तिथे पोचले की
माझी कंबर आपोआप पुढे होते
आणि टेबल हलत नाही.