रकाना क्रमांक सात

अहमदी, जून. पहाटेचे पावणेचार.
वारा पडलेला असतानाच पत्रे उतरवायचे, असं परवान्यावर आहे,
आणि वारा खरंच पडलाय. कण्हेरीचं पान हलत नाही,
घाम तेवढा हलतो कागदी सूटच्या आत.

बंगला अठ्ठावीस, मागची बाग.
तेल लागलं तेव्हा साहेबांसाठी वसवलेली कॉलनी;
साहेब गेले, हिरवळ राहिली,
आणि कुंपणाला टेकून ही दहा बाय बाराची शेड:
फावडी, नळीची वेटोळी, खताची पोती,
वर सहा पत्रे, राखाडी, पन्हळी,
कडांना केसाळ.

इस्राफील फवारा मारतो. साबणाचं पाणी.
हॅलोजनच्या उजेडात पत्रा आधी काळा पडतो, मग मऊ दिसू लागतो.
"भिजू दे, अजून भिजू दे," मी मास्कमधून ओरडतो,
माझंच वाक्य माझ्या नाकात शिरतं.
ड्रिल नाही. हातोडा नाही. ओढायचं नाही, तोडायचं तर नाहीच.
बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते एकेक कापायचे
आणि पत्रा दोघांनी असा खाली घ्यायचा
जसं झोपलेल्या पोराच्या अंगाखालचं ओलं दुपटं काढतात.

चौथ्या पत्र्याला भोक निघालं.
कंपनीचं नव्हे. खिळा ठोकून पाडलेलं,
वेडंवाकडं, आणि त्यातून अजून लोंबतोय
एरियलच्या वायरचा तुकडा.

हे परकारचं काम.

शमशुद्दीन परकार, माळी, बाणकोटचा. एकवीस वर्षं.
कागदोपत्री त्याला खोली होती फहाहीलला, सहा जणांत.
झोपायचा इथे.
"तिकडे सगळे घोरतात," म्हणायचा, "इथे फक्त पत्रा तडतडतो."
तोझ येऊन गेली, धूळ बसली,
की शुक्रवारी शिडी लावून छप्पर झाडायचा
खराट्याने. कोरडंच.
खाली मी, नुकता आलेला, शिडी धरून, डोळे चोळत:
"चाचा, कुणासाठी एवढं लखलखीत?"
"वरनं विमानं जातात बाबा. कुणीतरी बघत असेल."

फुटक्या पत्र्याचा तुकडा त्याने स्टोव्हखाली घातला होता,
जमीन तापू नये म्हणून.
तिथली तांदळाची भाकरी मी खाल्लीय.
भाजलेल्या सुकटीबरोबर. दोनदा मागून.

खोकला लागला तेव्हा सगळेच म्हणाले, वाळू.
मीही म्हणालो.
घरी गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने फोनवर
वार, तारीख, वेळ नीट सांगितली
आणि विचारलं, त्यांचा रेडिओ तिथेच राहिलाय का?

काल रात्री भावाला विचारलं,
आपल्या गोठ्यावर अजून तेच पत्रे?
म्हणाला, तेच की. काय धाड भरलीय त्यांना?

उजाडलं. सहाही पत्रे दुहेरी प्लास्टिकमध्ये,
चिकटपट्टी, लाल लेबल, दोन भाषांत धोका.
शेडमध्ये पहिल्यांदाच आभाळ आलंय
आणि भिंतीवर पेन्सिलचा हिशेब वाचता येतोय:
साखर, ब्लेड, घरी ४५ दिनार,
खाली रेघ, रेघेखाली काही नाही.

नवा पत्रा मलईच्या रंगाचा, पोटात फोम,
इतका हलका की इस्राफील एकटाच डोक्यावर घेतो
आणि उगाच दोन पावलं नाचून दाखवतो.

मी बोनेटवर फॉर्म भरतो.
रकाना सात: या छताखाली कुणी राहत होते का?
इथे 'नाही' लिहायचं असतं. यंदा चाळीस शेडना
मीच लिहिलंय, न बघता, सहीच्या आधी.

शमशुद्दीन अब्दुल्ला, एवढ्यातच चौकट संपली.
आडनाव गेलं रकाना आठमध्ये,
जिथे वाऱ्याची दिशा लिहायची असते.

"साब," इस्राफील विचारतो, "शिडी राहू दे की काढू?"