तिसरा खंड

पहिला खंड ग्रंथालयाच्या तळघरात निघाला.
दुसरा दिला एका पाद्र्याच्या विधवेनं,
आत नवऱ्याची पेन्सिल, खुणेसाठी ठेवलेली,
ती म्हणाली, तिथंच राहू दे.
तिसरा मिळेना.
आणि व्हर्लिनचं शेत तिसऱ्यात होतं, अर्थातच.

नॉर्थ डकोटा. जानेवारी. उणे सव्वीस.
धान्यकोठारात एकेचाळीस वर्षं
वजनकाट्यामागं बसलेला माणूस
आता टपोऱ्या अक्षरात पत्रं लिहितो:
हॉकेस्टाड. माझं आडनाव ज्या शेतावरून आलं ते.
त्या खोऱ्याचा इतिहास एका नॉर्वेजियन शाळामास्तरानं लिहिलाय,
शेतावार, घरवार,
कोण कुणाच्या पोटी, कोण कुणाच्या घरी दिलेली.
सहाशे प्रती छापल्या होत्या म्हणे.
आपल्याकडे असल्यास कळवावे. टपालखर्च माझा.

सिएटलहून उत्तर आलं:
गेल्याच वर्षी विकला, पाककृतींच्या खोक्यात घालून.
एकानं पहिलाच खंड पुन्हा पाठवला.
एकानं चारशे डॉलर मागितले, फोटो धाडला,
तर तो शेजारच्या खोऱ्याचा.
मग तो मयताच्या बातम्या वाचू लागला,
माणसांसाठी नाही, त्यांच्या कपाटांसाठी.
ओर्लिन टॅक्सेरोसच्या दफनाला गेला तेव्हा
कॉफीच्या कपाआडून
त्याची नजर पुस्तकांच्या फळीवर फिरली,
आणि ओर्लिनच्या मुलीनं ते पाहिलं.
त्यानंतर महिनाभर एकही पत्र नाही.

सापडला तो चर्चच्या तळघरात,
बायका गोधड्या शिवतात तिथं,
चौकटीच्या आखूड पायाखाली.
“ते होय? ते सत्तर सालापासून तिथंच आहे,”
कुणीतरी सुई न थांबवता म्हणालं.
त्याच्या जागी फार्गोची जुनी टेलिफोन डिरेक्टरी सरकवली,
जाडी जुळेपर्यंत मागची पानं फाडून.

त्याला ती भाषा येत नाही.
जेवणाआधीची प्रार्थना येते, आणि तीन शिव्या,
बापाच्या ट्रॅक्टरकडून शिकलेल्या.
वाचलं ओलाऊगनं. वय त्र्याण्णव, एका डोळ्यानं,
भिंगाखाली अक्षरं मुंग्यांसारखी चालवत.
हॉकेस्टाडला सात पानं.
मालक, मालकाचा थोरला, त्याचा थोरला.
गाई एकोणीस. चांदीचे चमचे चोवीस.
कज्जा, कुंपण, पुन्हा कज्जा.
व्हर्लिनचं कुणीच नाही.

सातव्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात,
ब्रॉटेन. जंगल जाळून काढलेला तुकडा, उतारावर, सावलीत.
हाल्व्होर, कूळ. एक गाय, दोन मेंढ्या.
खंड: कापणीचे बारा दिवस, मालकाच्या रानात.
मुलगा गुलिक, अमेरिकेला.

ओलाऊगनं भिंग खाली ठेवलं.
“एवढंच,” ती म्हणाली.
कुळाच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती
अखेर लागलं ते एक कूळ.

म्हणजे बंदरावर कुणीतरी विचारलं असणार, कुठला?
आणि गुलिकनं सांगितलं ते
आपल्या घराचं नव्हे, जिथं राबला तिथलं नाव.
तेच मग सायलोवर, हात हात उंच,
तेच बापाच्या ग्रॅनाइटवर,
बाप, जो दोन बियर पोटात गेल्या की सांगायचा,
आपले चमचे होते, खरी चांदी.

व्हर्लिन बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, “बारा दिवस. रोज किती तास?”
ओलाऊगनं पान पुन्हा पाहिलं.
“ते लिहिलेलं नाही.”
“उजाडल्यापासून मावळेपर्यंत धर,” तो म्हणाला,
आणि पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडत बसला,
काट्यावर मांडायचा तसा, भार वजा गाडी.

घरी जाऊन चर्चला पंचवीस डॉलरचा चेक लिहिला,
पुस्तकाबद्दल.
सहीशी आल्यावर पेन अडलं.
एका कोऱ्या कागदावर त्यानं लिहून पाहिलं: ब्रॉटेन.
अक्षर लहान मुलाचं आलं, जोडाजोडाचं.
कागद खिशात घातला.
चेकवर नेहमीचीच सही केली.
दुसऱ्या नावानं तो वटला नसता.